औंदा नको

शाहूपुरीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमची संस्था.
पाटीवर नाव हातभर लांब, खोल्या दोन.
मी तिथला ग्रंथपाल. त्याआधी सायक्लोस्टाइलवाला.
आणि त्याहीआधी मगदूम सरांच्या मागं काठी धरून
पंचगंगेचं पाणी मोजत फिरणारा पोरगा.

तेव्हा साहेब स्वतः यायचे.
पायताण जिन्यात काढून सतरंजीवर बसायचे,
त्यांचा पोलीस खाली, पंक्चरच्या पाटावर.
म्हणायचे, "मगदूम, शंभर पानं वाचतो मी,
पण माझं कुठं चुकतंय ते पहिल्या पानावर लिवा."
सर लिहायचे.
साहेबांचा चेहरा उतरायचा, चहा निवायचा,
आणि मी दारात उभा, जणू माझाच निकाल लागतोय.

एकदा दोन तास भांडले दोघं
जयंती नाल्याकडेच्या एका रेषेवरून.
नकाशावर बोटभर इकडं की बोटभर तिकडं.
बोटभर म्हणजे किती घरं, ते सर सांगत होते.
बोटभर म्हणजे किती मतं,
ते साहेबांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

साहेब गेले. मागोमाग सरही.
आता साहेबांच्या नातवाकडं, ताराबाई पार्कात,
काचेच्या खोलीत सात पोरं बसतात.
कुठल्या पेठेत कसला राग, किती टक्के,
रोज सकाळी नऊच्या आत त्याच्या फोनवर.
हुशार आहेत. वाईट म्हणणार नाही.
एकानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं,
म्हणाला, "काका, निर्णय झालाय.
त्याच्याखाली घालायला फक्त एक अभ्यास पाहिजे.
दोन पानं पुरेत. आकडे आम्ही देतो,
लेटरहेड तुमचं."

वास्तुशांत झाल्यावर पाया मागणारा माणूस
मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.
"विश्वस्तांना विचारतो," म्हटलं.
विश्वस्तांनी तिसऱ्या दिवशी सही केली.
भाडं थकलं होतं सात महिन्यांचं.
लेटरहेडच्या कपाटाची किल्ली माझ्याकडंच होती.
हेही लिहून ठेवतो.

त्याच पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फूट झालं,
आणि पाणी सरांच्या रेषेपर्यंत आलं,
पत्ता विचारत आल्यासारखं, अगदी बरोबर.
आमचे जुने अहवाल खाली, दुकानामागच्या खोलीत.
पाणी उतरल्यावर गच्चीवर दोऱ्या बांधल्या,
पानं वाळत घातली, कपड्यांच्या चिमट्यांनी.

त्यात ते पान सापडलं. नाल्याच्या रेषेचं.
समासात साहेबांचं अक्षर, उजवीकडं झुकलेलं:
"हे खरं हाय. पण औंदा नको."

चाळीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो,
आमच्या काळी ऐकायचे हो.
दिवाळी अंकवाल्यांना सांगितलं, जावयाला सांगितलं,
काचेच्या खोलीतल्या त्या पोराला तर दोनदा.

ऐकायचे का?
वाचायचे, एवढं खरं. शेवटच्या पानापर्यंत.
कळायचं, हेही खरं; म्हणून तर तो शेरा.
न वाचता सही मागणारा बरा,
की सगळं वाचून, मान्य करून,
हळूच कागद मिटणारा?
सर असते तर म्हणाले असते, आधी नीट मोज, मग बोल.

मोजायला गेलो तर एवढंच दिसलं:
सरांची शाई पाण्यानं पसरली होती,
रेषा, घरं, फुटं, सगळ्याचा एकच निळा डाग.
पेन्सिल तेवढी जशीच्या तशी.