लोण्याची पिंपं

मी दुभाष्या होतो.
आई इथलीच, ग्रीनलंडची, सीलची कातडी चावून दात झिजलेली;
बाप देवमाशांमागे आलेल्या डच गलबतावरचा, दोन उन्हाळ्यांपुरता.
पाद्री थ्यूगेसेन बोलायचे, आणि मी ते पलीकडे न्यायचो,
जसा होडीतून कुणी निखारा नेतो:
पोचेपर्यंत थोडा विझलेला.

त्या रात्री ते आपल्या प्रवासाचं सांगत होते.
बर्गनच्या बंदरात जहाज एकवीस दिवस अडकलं.
बारा दिवस वारा नव्हता.
पुढचे नऊ लोण्याची पिंपं यायची होती म्हणून.
कप्तान म्हणाला, लोण्याशिवाय तिकडचा हिवाळा निघत नाही.
"तरी देवानं आणलं," पाद्री म्हणाले.
मी सांगितलं, आणलं.

सिमिगाक दगडी दिव्यापाशी बसली होती,
शेवाळाची वात हाडाच्या काडीनं सारखी करत.
मान वर न करता म्हणाली,
"माझी नुकाक खोकून खोकून गेली.
तुमचं शीड दिसलं, त्याआधी. दोरा घे, मोज."
स्नायूचा दोरा, त्यावर गाठी. सात.
आठवी ओढलेलीच नाही;
त्या दिवशी सगळे किनाऱ्याकडे धावले होते.

"नवातून सात गेले," ती म्हणाली, "दोन उरतात.
दोन दिवसांत सांगून होतं ना, जे सांगायला हा आलाय?"

आमच्यात म्हणत, चांगली माणसं समुद्राखाली जातात.
तिथे ऊब, तिथे सील आपणहून जवळ येतात.
वर आभाळात गारठा, उपास,
आणि वॉलरसच्या कवटीनं चेंडू खेळणारे मेलेले.
पाद्र्यांनी ही दोन्ही घरं उलटी करून ठेवली.
आता पोरीला शोधायचं कुठे?
खाली पाहावं तर आग,
वर पाहावं तर कुलूप.

ते उत्तर देऊ लागले. लांबलचक.
आदामापासून निघाले, नोहाशी थोडे थांबले,
ताऱ्यांकडे बोट केलं: हे तर सगळ्यांनाच दिसतात.
मी नेत होतो, धापा टाकत.
सिमिगाकनं काडी खाली ठेवली.

"वाऱ्याचं मी समजू शकते.
वारा त्याच्या देवाचा असेल.
मला लोण्याचं सांग."

हे मी त्यांच्या भाषेत नेलं.
हा निखारा वाटेत विझला नाही.

पाद्री गप्प.
कोपऱ्यात एक पिंप होतंच, निम्मं सरलेलं,
झाकणावर त्यांची मिशनची वही.
बऱ्याच वेळानं म्हणाले, "न ऐकता गेले त्यांना दार नाही,
असं मला शिकवलंय."
शेवटचे तीन शब्द इतके हळू,
की ते मला उद्देशून होते की वहीला, कळेना.

मी तिला सांगितलं: त्याला माहीत नाही.

आमच्या भाषेत हे एका शब्दात होतं.
आणि ज्यांच्यावर पाणी पडलेलं नाही,
त्यांच्यासाठी वहीत जे नाव लिहिलं जायचं,
नालुसुत, न जाणणारे,
ते त्याच मुळातून फुटलेलं.
पहिल्या वर्षी मीच ते त्यांना दिलं होतं, दोन सुया घेऊन.

वाटलं, त्यांना कळणार नाही.
पण इथे उतरल्यावर त्यांनी सर्वांत आधी ऐकला तो हाच शब्द.
बर्फ कधी फुटेल विचारा, वाट कुठे विचारा,
जो तो हेच म्हणायचा.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी खाली पाहिलं.
त्यांनी दुरुस्त केलं नाही.

सिमिगाक थोडी सरकली, कातड्यावर जागा केली.
"मग हाही आमच्यातलाच," ती म्हणाली.
"बस म्हणावं. तिथे दारात गारठा आहे."

हे मात्र मी जसंच्या तसं नेलं.

चाळीस हिवाळे झाले.
मी खोटं बोललो की कधी नव्हे ते नीट भाषांतर केलं,
अजून ठरत नाही.
त्या वर्षी लोणी फेब्रुवारीतच संपलं.
हिवाळा निघाला.