चुलाणाच्या विटा

इंजिनीअर रिमगाउदास दारात उभा, बुटांवर तळ्याचा बर्फ,
हातात फूटपट्टी.
"झाराख, तुमच्या चुलाणात किल्ला आहे म्हणे?"

आहे की. लपवायचं काय त्यात?
गाल्वे तळ्यातला तो किल्ला तीनशे वर्षं पडून होता.
लढाईनं तोडला, मग थंडीनं, मग आम्ही,
होडीनं, पाठीवरून, बर्फ धरला की घसरगाडीवरून.
ज्या वाटेनं धोंडे बेटावर गेले
त्याच वाटेनं विटा गावात आल्या.

खाली धोंडे, वर लाल वीट, अशी त्याची रीत.
पाण्याला दगड दाखवायचा, आभाळाला माती.
आत चौक, चौकाभोवती लाकडी सज्जे,
मोठा बुरूज आणि पुढचा कोट यांच्यामध्ये खंदक.
तळ्यात बेट, बेटावर पुन्हा पाणी!
भ्यालेल्या माणसानं बांधलंय, बाप म्हणायचा.
आमचे पूर्वज त्याच भीतीच्या पहाऱ्यावर,
क्रिमियातून आणलेले.
राजा गेला, पहारा सुटला,
हाती राहिले काकडीचे वाफे.

रिमगाउदासनं एक वीट मोजली.
"आताच्या विटेपेक्षा चांगली चार बोटं लांब."
मग खाली बघत: भिंत चढतेय, जुनी वीट कमी पडते.
बियानानं कणीक मळता मळता वर पाहिलं फक्त.
मटणाच्या करंज्या भाजायच्या राहिल्या होत्या.

मी राख ओढली. सैल होती ती एक काढली,
उलटी केली.
पाठीवर चार चर.
ओल्या मातीत बोटांनी ओढलेले, चुना धरावा म्हणून;
भिंत उभी आहे तोवर कुणालाच न दिसणारे.
रिमगाउदासनं आपली बोटं ठेवली. तिरकी गेली.
मी ठेवली. तीच गत.
बियाना हात पुसत आली,
आणि डावा टेकवला.
बसला.

"डावखुरा होता," ती म्हणाली,
"आणि घाईत. हा शेवटचा बघा, अर्ध्यात सोडलाय."

रिमगाउदासनं वही मिटली.
"एवढी एक नेतो. बाकीच्या तापू द्यात."

आता खिडकीतून भिंत दिसते,
जुना लाल कुठे संपतो, नवा कुठे लागतो,
लांबूनही कळतं.
आमची कुठे बसवली, त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
चर आतल्या बाजूला असणार, हे नक्की.

चुलाणात तिच्या जागी नवी वीट आहे, आखूड.
त्या बाजूची करंजी
अजून जरा करपते.