मुळांचा वास

पानांनी माना टाकलेल्या. पाणी तर गळ्याशी.
शालिकनं कागदपट्टी बुडवली : सहा.
खताचा हिशेब पुन्हा मांडला, बरोबर.
मावा नाही. कोवळे शेंडेही हिरवेच.

वनमाला वर आली, कूलर भरून.
पायपातून पालकाचं एक रोप उपसलं,
मुळं नाकाशी नेली :
"गेल्या सालच्या वाळ्याचा वास येते."
तपकिरी, बुळबुळीत;
चिमटीत धरताच साल निसटली.

मग हात टाकीतल्या पाण्यात घातला
अन् तसाच ठेवला,
तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

बारा ते चार लाइन नसते बोरखेडीत.
पंप मुका. पाणी उभं. स्लॅबचा तवा.

"तहान नाही लागली याले. दम कोंडला."

तिनं बारदाना भिजवून टाकीला गुंडाळला.
शालिक अजून पट्टीचा रंग
उन्हात धरून पाहत होता.