मूळ सापडत नाही

फॅरो बेटांवर, क्लाक्सविकच्या मासळी-कारखान्यात
पहाटे साडेतीनला सर्व्हरचा बोर्ड जळाला.
रान्वाने डिस्क काढून दुसऱ्या पेटीत बसवली,
चार स्क्रू लावले, पाचवा घरंगळला कुठेतरी,
आणि बटण दाबलं.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
हे यंत्र डोळे उघडताच दुसरं काही विचारतच नाही.
काळ्या पडद्यावर एक ओळ:
मुळाची वाट पाहतोय.
मग तीच ओळ. मग तीच.

एरवी हे सगळं कुणाच्या नकळत होतं.
कर्नल जागा होतो तेव्हा त्याच्या गाठीला
एवढीशी शिदोरी असते, मेमरीत बांधून दिलेली.
तो खाच न् खाच चाचपत जातो: कोण आहे?
कार्ड नाव सांगत नाही, दोन आकडे सांगतं,
घराण्याचा एक, स्वतःचा एक.
यादीत आकडे जुळले की शिदोरीतून
नेमका तो ड्रायव्हर निघतो,
आधी त्याला लागणारे थोरले, मग तो,
आणि डिस्क बोलू लागते.

पण ही शिदोरी जुन्या पेटीच्या मापाची.
मेमध्ये रान्वानेच ती हलकी केली होती,
लागेल तेवढंच ठेवून, जरा तोऱ्यातच.
नव्या कार्डाचा ड्रायव्हर आहे की,
डिस्कवर आहे,
जी त्याच्याशिवाय उघडत नाही.

"म्हणजे किल्ली कपाटात," हानुस म्हणाला,
शीतगृहातून आलेला, भुवयांवर बर्फ.
"मामाने एकदा नावघराची किल्ली होडीतच ठेवली
आणि बाहेरून कुलूप दाबलं."
"मग?"
"मग काय, ओहोटीला समुद्राच्या अंगाने शिरलो,
कमरेएवढ्या पाण्यात.
मामा काठावर उभा राहून मलाच शिव्या देत होता."

रान्वा हसली नाही.
खिशातला पेनड्राइव्ह लावला, मागच्या अंगाने आत शिरली,
शिदोरी सोडली, नव्याने बांधली,
या वेळी हात सैल सोडून:
असल्या-नसल्या सगळ्या कार्डांचे ड्रायव्हर,
त्यातली निम्मी आता कुणी बनवतही नाही.

पुन्हा बटण.
ओळी पळाल्या. त्यातली एक,
जिच्याकडे कधी कुणी पाहत नाही,
तिने पाहिली.
मूळ सापडलं, आणि कर्नलने
शिदोरीचं फडकं झटकून टाकलं.

सहाला पहिली बोट लागली.
काट्यावर कॉड चढला, वजनं जाऊन बसली
जिथे बसायची तिथे.
हानुस अजून गुडघ्यांवर,
टेबलाखाली,
पाचवा स्क्रू शोधत.