आखूड ‘डा’

बाहेर शेहेचाळीस, आत उणे दोन.
समुद्राचं खारं पाणी गोडं करतात,
रात्री छतातल्या नळ्यांतून भुरभुरवतात,
सकाळी त्याचाच उतार होतो:
चारशे मीटर, मधे एक वळण,
काचेपलीकडे बर्गर खाणारी माणसं.

माझे वडील विट्याचे, गलाईवाले.
जन्मभर भट्टीपुढे बसून
लोकांचं सोनं वितळवलं त्यांनी.
मी दुबईत गोठलेल्या पाण्यावर पोट भरतो
हे फोनवर सांगताना
दरवेळी थाप मारल्यासारखं वाटतं.

आधी पाळण्यावर होतो.
माणूस खुर्चीत बसवायचा, दांडी खाली ओढायची.
मॉल मिटल्यावर उसन्या स्कीवर
पडत पडत शिकलो, सात वर्षं.
मग मौझा आली.

एकोणीस वर्षांची. तिला पांढऱ्यात पांढरं दिसतं
आणि त्यात एक केशरी डाग.
तो डाग म्हणजे मी.
तिच्यापुढे दोन खांब राहायचं,
ना कमी ना जास्त,
पाय उताराला, मान मागे,
आणि हेल्मेटातल्या माईकमध्ये बोलत सुटायचं.

पहिल्याच दिवशी शब्दांवरून अडलं.
यमीन, यसार: दोन्ही ‘य’ने सुरू,
पुढचं अक्षर येईतो खांब अंगावर.
इंग्रजी नको म्हणाली,
‘लेफ्ट म्हणणाऱ्यानं मला जाळीत घातलं होतं.
तुझ्याकडे काय आहे?’
मी माझ्याकडचं काढलं.
डावं. उज. सोड. हं.
‘हं म्हणजे?’
म्हटलं, काही नाही. म्हणजे मी आहे.

पाळण्यातून वर जाताना विचारते,
काचेपलीकडे काय चाललंय.
एक पोरगं काचेला जीभ लावतंय, मी सांगतो,
त्याची आई ओरडतेय.
‘मग?’
मग खुर्ची वळली.

मार्चात एकदा म्हणाली,
‘तू घाबरलास की तुझा डा लांबतो.
डाऽऽवं.
भीती तुझी, सेकंद माझा.’
यावर काय बोलणार.
सोनापूरच्या खोलीत, वरच्या बंकवर
मी आखूड डा घोकत पडलो.
डावं. डावं. डा. डा.
खालचा कण्णूरचा रज्जाक उठून बसला,
दाढ दुखते का विचारलं,
लवंग दिली.

शर्यतीच्या दिवशी सुटलो.
उज. हं. हं. डावं. हं.
पाचव्या खांबापाशी बर्फ घासून घासून
नुसती काच झालेली.
पोटात गोळा आला,
तरी डा निघाला आखूड, खिळ्यासारखा,
माझा मलाच ओळखू येईना.
सोड, सोड, सोड,
रेघ ओलांडली, आधी मी, लगेच ती.

हेल्मेट काढून धापा टाकत म्हणाली,
‘तुझी बॅटरी तिसऱ्या खांबाला मेली.’
‘म्हणजे?’
‘म्हणजे खर्र. पुढे काही नाही.’
‘मग आलीस कशी?’
‘तुझ्या स्की वाजत होत्या.
डाव्या वळणाला तू जास्त घासतोस. ते पण सुधार.’
मग फलकाकडे तोंड करून,
‘किती?’
मी आकडा वाचला.
‘परत वाच.’
परत वाचला.
तिसऱ्यांदाही वाचायला लावला.

रात्री घरी फोन लावला.
भात्याच्या घरघरीनं वडिलांचे कान केव्हाच गेलेत.
काय केलंस आज, विचारलं.
म्हटलं, एक अक्षर आखूड केलं,
ते कुणालाच ऐकू गेलं नाही.
‘काय? मोठ्यानं बोल.
हाय का लाईनवर?’

मी म्हटलं, हं.