रकाना नववा

सीपीआरच्या मागल्या अंगाला, नोंदींच्या खोलीत,
दहा वर्षांच्या फायली उतरवायचं काम
माझ्याकडं आलं. अक्षर बरं म्हणून.
चौदाच्या आतली. मारली गेलेली. एवढीच काढायची.
दौलू भोपळे गठ्ठे आणतो, धूळ झटकत नाही.
"बाई, आधी जेवून घ्या. मागनं घास जात न्हाई."

वय, लिंग, पेठ, वेळ, हत्यार.
नववा रकाना: आरोपीशी नातं.

मी समजत होतो
(कोल्हापूरची बाई, अशीच बोलणार)
रंकाळ्याकाठी फिरणारा कोणी असंल,
स्टँडवर गोळ्या दाखवणारा कोणी.
त्याच्याच भ्यानं माझ्या तुषारला
अख्खी सुट्टी कडी लावून ठेवला होता.
अनोळखी: चार.
एकसष्टात चार.
बाकी सगळे कडीच्या आतले.

दहाच्या पुढची पोरं तेवढी रस्त्यावर गेली,
गल्लीतल्याच पोरांच्या हातनं, अंधार पडल्यावर.
त्याखाली वय उतरत जातं
तशी यादी वाढत जाते,
आणि वर्षाच्या आत आली की
पानाला पान जोडावं लागतं.

साहेबांना नकाशा पाहिजे, लाल ठिपक्यांचा.
"कुठं दाटतंय बघा, म्हणजे वस्ती कळंल."
दाटलं तिथं खोली एक, भाडं थकलेलं,
बाप फौंड्रीत रात्रपाळीला.
पण बंगल्यातलं एक 'आजारपण' म्हणून आलेलं,
कवटीचा कागद त्याच फायलीत.
तोही ठिपका लावला. साहेब काही बोलले नाहीत.

त्रेचाळिसावी ओळ.
नाव: बेबी ऑफ मालन.
वय: अकरा दिवस.
नातं: आई.
आरोपीचं नाव: मालन. वय एकोणीस.
एका ओळीत एकच नाव दोनदा,
आणि मधे
मला टेकायला जागा नाही.
जबाबात एवढंच: "रडायचं थांबंना.
मी हाक मारली हुती दोनदा."

हाक ऐकलेले किती,
असा रकाना छापलेलाच नाही.
मी पट्टीनं एक आखला
आणि मोकळा ठेवला.

रात्री वरच्या मजल्यावरचं बाळ रडायला लागलं.
महिनाभर लागतंय. मी टीव्ही मोठा करतो.
आज बंद केला. अनवाणीच जिना चढलो.
दार उघडलं पोरीनं, केस सुटलेले,
डोळे कुठं तरी लांब.
"काय ओ मावशी?"
"काही नाही गं. साखर संपलीया.
दे ते इकडं, तू बघ जा डब्यात.
सावकाश बघ."