एकशे बावन्नावी जागा

सिर्सीच्या उपबाजारात तुरीचा काटा अकराला थांबला.
म्हणजे वजन होत होतं,
पावती निघत नव्हती.
पडद्यावर एकच ओळ: जोडण्या फार झाल्या.

मी पोचलो दोनला.
ट्रॅक्टरांची रांग पार पाण्याच्या टाकीपर्यंत,
आणि सर्व्हरच्या खोलीत, म्हणजे जुन्या बारदानाच्या खोलीत,
उपबाजारातला एकुलता एक चालू कुलर
त्या काळ्या डब्याकडे तोंड करून.
"आमच्यापरीस त्यालेच गरम होते," इंदुकला नेवारे म्हणाली,
आणि ओढणीनं मान पुसली.

मर्यादा एकशे एक्कावन्न.
आहेराच्या पाकिटावर लिहावा तसा आकडा.
तेवढ्या भरल्या तरी एक जागा राखलेली असते
दुरुस्तीला येणाऱ्यासाठी.
मांडवाची मागची कनात उचलून
आचाऱ्यानं आत यावं, तसा मी शिरलो
आणि यादी मागितली: बसलंय कोण कोण?

झोपलेला.
झोपलेला. झोपलेला.
जागा एकटा मी.
वरचा पहिला पंचवीस हजार सेकंदांपासून,
म्हणजे सकाळी सातपासून.
सातला त्यानं एका रिकाम्या ट्रॉलीचं वजन विचारलं होतं,
उत्तर त्याच सेकंदाला मिळालं होतं.

हेडाऊ साहेब म्हणाले, पाचशे करून टाका ना,
आकडाच तं हाय.
करता येतं.
पण डब्याची स्मृती चार जीबी,
आणि बसलेला प्रत्येक जण थोडं थोडं खातो,
झोपेतसुद्धा.
मग बंद करून चालू करा, ते म्हणाले.
तेही येतं. उद्या अकरापर्यंत चाललं असतं.

डोमाजी हमाल चौकटीला टेकून ऐकत होता,
खांद्यावर तुरीचा भुसा.
"हात वाळले तरी पानावून उठून नाही राह्यले,
तं मांडव कायले वाढवता बाप्पा?
आंधी पाहा, बसवलं कोनं."

सगळ्यांचा पत्ता एकच निघाला: वजनकाटा.
काट्याचा प्रोग्राम उघडला.
दर वजनाला तो नवं दार उघडत होता
आणि उघडंच टाकून पुढच्या ट्रॉलीकडे वळत होता.
इतकी वर्षं खपलं, कारण आठ तासांनी डबा स्वतःच दारं लावतो
आणि आठ तासांत इतकी तूर कधी आली नव्हती.
शेवटच्या ओळीखाली कुणीतरी टीप ठेवलेली:
जोडणी बंद करणे – नंतर.
खाली तारीख, सहा वर्षांपूर्वीची.
खाली माझी आद्याक्षरं.

त्या रात्री साडेनऊला वर्ध्याची शेवटची गाडी होती.
मला ती मिळाली होती, खिडकीची जागासुद्धा,
हे आठवलं.

एकेकाला उठवलं.
एका झटक्यात सगळे उठवता आले असते,
पण नाही उठवले. प्रत्येकाचे सेकंद वाचले
आणि मग.
राहिलेली ती एक ओळ लिहिली. सात अक्षरांची.
शेजारच्या खोलीत प्रिंटर खाकरला,
बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला.

इंदुकलानं दोषवही पुढे ओढली.
कारणाच्या रकान्यावर पेन टेकवून थांबली.
पडद्यावर माझी अक्षरं तशीच होती,
आणि तिला वाचता येत होतं.
"दार लावलं नाही, असं लिहा," मी म्हटलं.
"कोनं?"
मी सांगितलं. तिनं लिहिलं,
आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ विचारून.

साडेनऊची गाडी अजून असते का, विचारलं.
"असते," ती म्हणाली,
"पन काटा आज दहापर्यंत चालन."

कुलर थोडा आमच्याकडे वळवला.
यादी उघडीच ठेवून बसलो:
एक येतो, विचारतो, उठतो.
एक येतो.